पाणी निजेपर्यंत

सकाळी दोघी मुली टेबलावर चमचे वाजवत होत्या आणि त्यानं एकीलाच मारलं. घडलं ते एवढंच. मुली जुळ्या, सहा वर्षांच्या, काही मिनिटांच्या फरकानं थोरली आणि धाकटी ठरलेल्या. थोरली त्याच्या डाव्या हाताला, धाकटी उजव्या हाताला, समोर बायको, मधे दुधाचे पेले. थोरलीनं चमचा आपटला की धाकटी आपटायची, धाकटीनं आपटला की थोरली, आणि मग दोघी खिदळायच्या. त्याची झोप झाली नव्हती, डोकं ठणकत होतं, आणि ‘बंद करा’ हे आधी नीट, मग जोरात, मग दात आवळून सांगून झालं होतं. मग उजवा हात उठला. उठला म्हणजे त्यानं उचलला नाही असं नव्हे, ती पळवाट त्याला नकोच होती. पण उचलायचं ठरवलं केव्हा, ते काही केल्या आठवेना. उलट्या हाताची सणसणीत चपराक धाकटीच्या डाव्या गालावर बसली, बोटांची हाडं तिच्या कानावर आपटली, ती खुर्चीसकट कलंडली आणि तिचा चमचा उडून भिंतीशी जाऊन पडला. थोरलीचा चमचा तेवढ्यात खाली यायला निघालेलाच होता, तो एकदा टेबलावर वाजला. त्यानंतर कोणी काही वाजवलं नाही.

बायकोनं धाकटीला उचललं, ओला फडका तिच्या कानाशी धरला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, “दोघी वाजवत होत्या. हिलाच का?” मग तीच पुढं म्हणाली, “परत एकदा असं झालं तर मी दोघींना घेऊन निघेन. भांडणार नाही, रडणार नाही. निघेन.” ती औषधाच्या दुकानात काम करायची. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली जेवणानंतर हे ती गिऱ्हाइकाला ज्या स्वरात सांगायची, त्याच स्वरात तिनं हेही सांगितलं. त्या स्वरात सांगितलेलं ती कधी मागे घेत नाही, हे तो चांगलं ओळखून होता. धाकटी रडत नव्हती. नुसती फडक्याआडून एका डोळ्यानं त्याच्या हाताकडे बघत होती, त्याच्याकडे नाही, हाताकडे. तो बूट घालून बाहेर पडला.

रस्त्यानं चालताना बोटांची हाडं झिणझिणत होती. माणसं कामाला निघाली होती, कोणी दुकानाचं शटर वर ढकलत होतं, एक बाई कुत्र्याला ओढत होती, आणि ह्या सगळ्यांतून आपण आपला उजवा हात खिशात लपवून चाललो आहोत हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. हिलाच का? धाकटी थोरलीपेक्षा जास्त व्रात्य नव्हती. उलट चमचे वाजवायची टूम निघाली ती थोरलीच्या डोक्यातून. लाडकी-नावडती असलाही प्रकार नव्हता. त्यानं स्वतःला उलटंपालटं करून तपासलं, दोघींवर त्याचा जीव होता, आणि तोही अगदी सारखा. सारखा हा शब्द मनात आला आणि तो चालता चालता थांबला. तो अण्णांचा शब्द होता.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. कारखान्यात लेथवर होते, केसभर इकडे की तिकडे ह्यावर माणसाची लायकी ठरवणारे. घरी दोन मुलगे, दादा आणि हा, वर्षाच्या अंतरानं पाठोपाठचे. दोघांना एकाच ताग्यातले सदरे, एकाच मापाचे बूट, सफरचंद कापलं तर दोन्ही फोडी उजेडात धरून बघितल्याशिवाय द्यायचे नाहीत. “मला दोघं सारखे,” असं येईल-जाईल त्याला सांगायचे आणि ते खोटं बोलत नव्हते, ह्याची खात्री त्याला आजही होती. फक्त मार एकट्या दादाला बसायचा. कधी हातानं, कधी पट्ट्यानं, एकदा सायकलच्या पंपानं. दोघांनी मिळून काच फोडली तर दादाला. ह्यानं एकट्यानं फोडली तरी दादाला, तुझं लक्ष कुठं होतं म्हणून. मार पडायला लागला की आई मोरीत जाऊन नळ सोडायची. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होत नसे. दादा डोळे गच्च मिटून घ्यायचा आणि खांदा कानाशी न्यायचा. हा मात्र डाव्या खुर्चीत बसून उघड्या डोळ्यांनी सगळं बघायचा, पापणीही लवू न देता. लहान मुलाला भीती वाटते म्हणून ते डोळे झाकतं असं म्हणतात. ह्याला भीती वाटायची ती डोळे झाकण्याची. आपण बघायचं थांबवलं तर अण्णांचा हात वाट चुकून आपल्याकडे येईल असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं होतं.

कामावर पोचून दारातून आत शिरताच प्रयोगशाळेतला ओलसर वास आला. एका लांबलचक खोलीत काचेची लांबलचक टाकी, तिच्यातून पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला संथ वाहत असतं. मधोमध वरून एका दांड्याला पोलादी पातं टांगलेलं, मोटर लावली की ते माशाच्या शेपटासारखं डावीउजवीकडे हलतं. त्याच्या कडेला रंग सोडतात, डावीकडून लाल, उजवीकडून निळा. पात्याच्या प्रत्येक हेलकाव्याला मागे पाण्यात एक भोवरा सुटतो, एकदा लाल, एकदा निळा. मोटर हळू असेल तर भोवऱ्यांच्या दोन रांगा शिस्तीत सरळ मागे जातात. वेग वाढवत नेला की एका घडीला काय होतं कोण जाणे, भोवऱ्यांची ती सगळी शेपटी एका अंगाला वाकते आणि मग वाकलेलीच राहते. पातं दोन्हीकडे सारखंच हलत असतं. पाणी दोन्हीकडे सारखंच असतं. माशासारखी पोहणारी यंत्रं बनवणाऱ्यांना हे नको होतं, कारण ती यंत्रं सरळ जायचं सोडून एकीकडे भरकटत. का वाकते, आणि सरळ कशी करायची, हे शोधण्याचा पगार त्याला मिळत होता. गेलं वर्षभर त्याच्या टाकीत शेपटी दर वेळी डावीकडेच वाकत होती. म्हणून त्यानं टाकी कुठं कलती नाही ना हे पाणसळीनं तपासलं, पातं उतरवून भिंगाखाली घातलं, पुन्हा घासलं, पुन्हा चढवलं, मोटर बदलली. दोष कुठंतरी असणारच म्हणून तो हात धुऊन दोषाच्या मागे लागला होता. सापडला मात्र नव्हता.

बाई त्याच्या टेबलाशी उभ्या होत्या. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, निवृत्तीला आलेल्या, जिभेला धार लावूनच घरून निघणाऱ्या. त्यांच्या हातात त्याची पानं होती. “डावीकडेच का वळतं ह्यावर तू पानंच्या पानं लिहिलीयस,” त्या म्हणाल्या. “पातं सुरू करताना पहिला हेलकावा कुठल्या बाजूला देतोस, ते कुठंच नाही लिहिलंस.” 

“पहिला? तो कसाही... मोटर जिथून सुरू होते तिथून.”

“कुठून होते?”

तो आठवायला लागला. मग म्हणाला, “डावीकडे जाते आधी.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“बघितलंस, म्हणजे तूच सांगतोयस त्याला कुठं वळायचं ते, आणि वर पात्याला दोष देतोयस.” बाईंनी पानं टेबलावर टाकली. “अरे, पहिल्या दोन भोवऱ्यांची जोडी जमते आणि ती निघते एकीकडे. मागून येणाऱ्याला ती आपल्या बाजूला ओढते. तो त्याच्या मागच्याला. झालं. पातं बिचारं दोन्हीकडे सारखंच हलतंय. पहिला हेलकावा उजवीकडे दे आणि बघ. पण पाणी निजू दे आधी.”

पाणी निजू देणं हा तिथला शिरस्ता होता. एक प्रयोग संपला की पातं थांबवायचं, जुने भोवरे वाहून जाऊ द्यायचे, आणि टाकीत सोडलेला रंगाचा धागा शेवटपर्यंत सरळ गेला की म्हणायचं, निजलं. त्याआधी मोटरला हात लावायचा नाही. तो स्टुलावर बसून धाग्याकडे बघत राहिला. धागा थरथरत होता, मधेच एखादी गाठ पडल्यासारखा वळत होता. पहिला हेलकावा. अण्णांचा पहिला हात दादावर केव्हा पडला? त्या घरात ते राहायला आले तेव्हा स्वयंपाकघरात चौकोनी टेबल होतं. कोण कुठं बसणार ह्यावरून दोघांत झोंबाझोंबी झाली होती, आणि दादानं उजवीकडची खुर्ची पटकावली, कारण तिथून खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या दिसायच्या. बस्स. अण्णा टेबलाच्या टोकाला बसायचे, उजव्या हाताचे. कारखान्यात काहीतरी बिनसलं असेल त्या दिवशी, दोघं भावंडं काहीतरी दंगा करत असतील, आणि हात सुटला तो जिथं सहज पोचला तिथं पोचला. गाड्या बघण्याचा हट्ट, एवढंच काय ते. त्यानं एवढी वर्षं त्यामागे केवढं मोठं काहीतरी असेल असं धरलं होतं. दादाचं काहीतरी चुकलं असेल, ह्याचं काहीतरी बरोबर असेल, अण्णांच्या मनात कुठंतरी खोल काही असेल. आणि धाकटी उजवीकडे का बसते? तिच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे आणि तिला डुलायला आवडतं.

पाणी निजलं. त्यानं पहिला हेलकावा उजवीकडे दिला, वेग वाढवत नेला, आणि शेपटी उजवीकडे वाकली. मुकाट, जणू ती ह्याचीच वाट बघत होती. बाई लांबून बघून “हं” म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. वर्षभराचं कोडं सुटलं होतं, पण आनंद म्हणून काही झाला नाही. त्यानं दादाला फोन लावला.

दादा दुसऱ्या गावी बंदरावर क्रेन चालवायचा. फोन उजव्या कानाला लावायचा, डाव्यानं त्याला ऐकू येत नसे. “बोला, शास्त्रज्ञ,” तो नेहमीसारखा म्हणाला, मागून लोखंडाचा खणखणाट येत होता. ह्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. धाकटीला मारलं. खुर्चीवरून पडली.

“कुठल्या हातानं?”

“उजव्या. उलट्या.”

“म्हणजे डाव्या कानावर. ऐकू येतंय का तिला? मागनं हाक मारून बघ. समोरनं मारलीस तर ओठ बघून कळतं, पोरं फसवतात.” हे तो इतक्या सहज म्हणाला की ह्याला टाकीच्या काचेला टेकावं लागलं. “आणि दुसरी?”

“तिला काही नाही केलं.”

“हं.” मग दादा हसला. त्याचं हसणं तसं चांगलं होतं. “तू एकदा माझ्या जागेवर बसला होतास, आठवतं? मोठा शूर. म्हणालास, आज मी इथं.”

आठवत होतं. तो नऊ-दहा वर्षांचा असेल. जागा बदलली की सगळं बदलेल असा त्याचा हिशेब होता. अण्णा येऊन बसले, त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि जेवायला लागले. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा ह्याच्याच हातून, उजव्या खुर्चीत बसलेल्या ह्याच्या हातून, वाडगा सांडला. अण्णांचा हात उठला, ह्याच्या डोक्यावरून गेला, आणि अण्णा उठले. त्यांना उठावं लागलं, टेबलाला वळसा घालावा लागला, आणि त्या वळशाचाही राग दादावर निघाला. दादानं ते उठतानाच डोळे मिटून घेतले होते, आणि ते बघून अण्णा ओरडले, “डोळे उघड! मी काय खाटीक आहे? डोळे उघड म्हणतो ना!” दादानं डोळे उघडले नाहीत. अण्णांनी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, मग पुन्हा, भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. मोरीत नळ सुटला. डावा कान गेला तो त्या दिवशी.

“सगळ्यात जास्त मार त्या दिवशी खाल्ला मी,” दादा म्हणाला. “तुझ्यावर राग नाही रे. गंमत सांगतोय. म्हातारा अंथरुणावर होता ना शेवटी, हात उचलायची ताकद नव्हती, मी पाणी पाजायला वाकलो की माझेच डोळे मिटायचे. आणि त्याला त्याचाच राग यायचा. मेला तो त्याच रागात. चल, वर माल लटकतोय, ठेवतो.” आणि मग, “मागनं हाक मार. विसरू नकोस.”

फोन ठेवला तेव्हा पातं हलतच होतं. शेपटी उजवीकडे, लाल-निळे भोवरे एकमेकांना मिठी मारून उजव्या काचेकडे चाललेले. पातं थांबवायचं नाही, पाणी निजवायचं नाही, पण शेपटी सरळ करायची. होत कशी नाही बघू, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. त्यानं आधी लाकडी पट्टी घालून भोवऱ्यांना दुसरीकडे ढकललं. शेपटी हलली, गोंधळली, क्षणभर सरळसुद्धा झाली, आणि पट्टी काढताच परत उजवीकडे. त्यानं वेग कमी केला, वाढवला. परत उजवीकडे. त्यानं काचेवर बुक्की मारली. मग बाही वर सारून उजवा हात पाण्यात घातला, थेट पात्याच्या वाटेत. पातं आलं आणि बोटांच्या हाडांवर बसलं, सकाळी जी हाडं धाकटीच्या कानावर आपटली होती त्याच हाडांवर. हात काढून घेता आला असता. त्यानं काढला नाही. पातं गेलं आणि परत आलं, मोटरला त्याचं काय, तिला दोन्हीकडे सारखंच जायचं होतं. परत आलं. कातडी फाटली, मग आत काहीतरी काडकन मोडल्याचं हाताला आधी कळलं आणि त्याला नंतर. त्याला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. कोणीतरी एकदाचं त्याला मारत होतं. लाल रंगात त्याचं रक्त मिसळलं आणि भोवऱ्यांत गुंडाळलं जाऊन तेसुद्धा उजवीकडे गेलं. बाईंनी येऊन मोटर बंद केली, तेव्हा तो दातांत बाही धरून उभा होता.

“मूर्ख आहेस,” बाई म्हणाल्या आणि आपला रुमाल त्याच्या हाताला गुंडाळू लागल्या. “चालू पात्याला कोणी हात घालतं? थांबवायचं असतं आधी. एवढीच एक गोष्ट करायची असते इथं.”

डॉक्टरनं दोन बोटं एकत्र बांधून हाताला पांढरा गठ्ठा करून दिला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा उजेड अजून होता, बायको दुकानातून येऊन जेवणाचं बघत होती. तिनं हात बघितला, “काय झालं?” विचारलं, “मशीनमधे आला” हे उत्तर ऐकलं, आणि त्यावर तिचा विश्वास बसला नाही हे तिनं लपवलं नाही. धाकटी खिडकीशी पाठमोरी बसून कागदावर काहीतरी गिरवत होती. कानाची पाळी सुजून निळसर झाली होती. त्यानं मागून हळू आवाजात हाक मारली. तिनं वळून बघितलं. ऐकू येत होतं. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. अजून पाणी फार ढवळलेलं नाही, असं त्याच्या मनात आलं. एकच हेलकावा झालाय. आजच्या आज थांबवलं तर काही बिघडलेलं नाही. आणि हात तर बांधलेलाच आहे, निदान तो तरी उठणार नाही. त्या गठ्ठ्याकडे बघून त्याला जवळजवळ प्रेम वाटलं.

जेवायला तो आपल्या जागी बसला आणि त्याला दिसलं की मुलींनी खुर्च्या बदलल्या आहेत. उजवीकडे आखूड पायाच्या खुर्चीत थोरली बसली होती, ताठ, दोन्ही हात मांडीवर. डावीकडे धाकटी. “आज मी इथं,” थोरली म्हणाली, कोणी विचारलं नसताना. बायकोनं मान वर केली नाही. ह्यात तिचा हात नव्हता, हे त्याला कळलं. हे दोघींनी दिवसभरात कधीतरी, खेळताना नाहीतर जिन्यात, आपसांत ठरवलं होतं. घोटभर पाणी प्यावं म्हणून त्यानं डावा हात पुढे केला. पाण्याचा जाड काचेचा जग उजवीकडे होता, थोरलीच्या ताटाशी. हात त्याच्या स्वतःच्या छातीवरून उजवीकडे गेला, धाकटीपासून दूर. थोरलीच्या नाकासमोरून गेला, ती नुसती बघत राहिली, तिला तो पाण्यासाठी चाललेला हात दिसला. आणि डावीकडे, जिथून हात लांब चालला होता तिथं, धाकटीनं डोळे गच्च मिटले आणि खांदा कानाशी नेला.

त्याला राग आला. दुःख नाही, लाज नाही, ती मागून येणार होती; आधी आला तो राग, तळपायापासून मस्तकापर्यंत, ओळखीचा. मी पाणी घेतोय. मी तुझ्याकडे हात केलेलासुद्धा नाही. दिवसभर तुझ्या कानासाठी जीव टांगणीला लावला, हाड मोडून घेतलं, आणि तू डोळे मिटतेस? त्या मिटलेल्या पापण्या त्याला ओढत होत्या. मान डावीकडे वळली, खांदा वळला. थोरली होती तिथंच होती, हाताच्या अंतरावर, पण ती त्याला दिसेनाशी झाली. टेबलावर त्या दोन मिटलेल्या डोळ्यांशिवाय दुसरं काही उरलं नाही. अण्णांनी टेबलाला वळसा का घातला हे त्याला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“डोळे उघड,” तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

धाकटीनं पापण्या आणखी आवळल्या.

“डोळे उघड म्हणतो ना!” आणि डाव्या हातातला जग वर गेला. पाणी त्याच्या मनगटावरून सांडत होतं. तो केव्हा उचलला, कशासाठी, पेल्यात ओतायला की कशाला, हे सकाळसारखंच त्याला आठवेना, आणि आठवेना हे कळलं तेवढ्या एका क्षणात त्यानं जग खाली आणला, टेबलाच्या कडेवर, सगळ्या ताकदीनं. काच फुटली. तुकडे ताटांत उडाले, पाणी टेबलभर पसरलं, हातात नुसती काचेची मूठ राहिली, तिला धारदार टोक. थोरली किंचाळली. बायको उभी राहिली होती.

कोणाला लागलं नव्हतं. त्यानं मूठ हळूच टेबलावर ठेवली, डावा हात दोन गुडघ्यांत घट्ट धरला, वर बांधलेला उजवा ठेवला. “घेऊन जा दोघींना,” तो म्हणाला. आता आवाज त्याचा होता, फार बारीक. “आत्ता. मी सांगायची वाट... मी बोलावलं तरी येऊ नकोस लगेच.”

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघितलं. मग तिनं पर्स घेतली, खुंटीवरचे मुलींचे कोट घेतले, थोरलीच्या केसांतून काचेचा एक कण काढला. सांगितल्याप्रमाणे ती भांडली नाही, रडली नाही. टेबलाच्या कडेवरून पाणी थेंबथेंब गळत होतं, आणि तो गुडघ्यांत हात धरून बसला होता, कारण दारापर्यंत त्यांच्या मागे जायचं म्हटलं तरी उठावं लागलं असतं. बायकोनं धाकटीचा हात धरून तिला दाराकडे नेलं. धाकटी चालली ती डोळे मिटूनच, उंबऱ्याशी ठेचकाळली तरी तिनं ते उघडले नाहीत.

थोरली मात्र मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत गेली, उघड्या डोळ्यांनी, पापणीही लवू न देता.